'होळी जळाली, थंडी पळाली': गिरगाव ते लालबाग, मुंबईत वसंत नेमका कशावरून ओळखतात?

होळीच्या दुसऱ्या दिवशी शाली-गोधड्या माळ्यावर जातात आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'होळी जळाली, थंडी पळाली.' मुंबईत हे वाक्य जरा गमतीचं वाटतं. या शहरात थंडी मुळात येते तीच पाहुणी म्हणून. बऱ्याच वर्षी होळीच्या आधीच पंखा पाचवर गेलेला असतो. तरीही गिरगावच्या वाडीत, दादरच्या ब्लॉकमध्ये किंवा लालबागच्या चाळीत ही म्हण कुणी सोडलेली नाही.

मग मुंबईत वसंत येतो तरी कधी? पंचांग सांगतं तेव्हा, झाडं सांगतात तेव्हा की बाजार सांगतो तेव्हा? आणि ज्या अंगणांत, गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांत त्याचं स्वागत व्हायचं, त्या चाळीच पडू लागल्यावर या प्रथांचं काय होणार?

पंचांगातला वसंत: एकाच ऋतूच्या तीन तारखा

पारंपरिक सहा ऋतूंच्या हिशेबात वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. पण वसंत पंचमी येते माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे शिशिर ऋतू सुरू असताना. तिथून बरोबर ४० तिथींनी फाल्गुन पौर्णिमा, म्हणजे होळी. होळीनंतर पंधरवड्यानं गुढीपाडवा. म्हणजे वसंताची चाहूल, निरोपाची आग आणि प्रत्यक्ष आगमन अशा तीन वेगवेगळ्या खुणा परंपरेनं ठेवल्या आहेत. पंढरपुरात वसंत पंचमीपासून रंगपंचमीपर्यंत विठ्ठलाला पांढरा पोशाख घालून त्यावर गुलाल उधळतात. तिथे हा सगळा काळच वसंताचा मानला जातो.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तारखा. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. ही तूट भरून काढायला साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण त्यातूनच आली. त्यामुळे पाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला आला, २०२४ मध्ये थेट ९ एप्रिलला गेला आणि २०२५ मध्ये पुन्हा ३० मार्चला आला. होळी २०२१ मध्ये २८ मार्चला होती, २०२६ मध्ये मार्चच्या पहिल्याच आठवड्यात. थंडी पळवण्याची जबाबदारी ज्या सणावर टाकली आहे, तो सणच असा चार आठवडे मागेपुढे होत असतो.

त्यात पृथ्वीच्या अक्षाची संथ भोवरी गतीही आहे. तिच्यामुळे नक्षत्रांवर आधारलेल्या तारखा सूर्याच्या प्रत्यक्ष स्थितीपासून ७२ वर्षांत सुमारे एक दिवस सरकतात. मकर संक्रांत एकेकाळी उत्तरायणाच्या प्रत्यक्ष आरंभाजवळ, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यायची. आता ती १४-१५ जानेवारीला येते. 'संक्रांतीपासून दिवस तीळ-तीळ वाढतो' असं आपण म्हणतो, पण तो वाढायला लागून तेव्हा तीनेक आठवडे झालेले असतात.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात वसंत फाल्गुन आणि चैत्र या महिन्यांना दिला आहे, म्हणजे साधारण १९-२० फेब्रुवारी ते २० एप्रिल. झाडांकडे पाहिलं तर मुंबईला हाच हिशेब जास्त जुळतो. पण घराच्या भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर जुन्या पद्धतीनं चालतं आणि सण त्याच्याच मागे जातात.

होळीनंतर थंडी खरंच पळते का?

महाराष्ट्राच्या पठारावर या म्हणीत बरंच तथ्य आहे. नाशिक-पुण्याकडे फाल्गुनात पहाटे गारवा असतो आणि महिनाअखेर तो ओसरतो. मुंबईचं हवामान समुद्र ठरवतो. सांताक्रूझ वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश सेल्सियस इतकं किमान तापमान नोंदलं गेलं. तितकी थंडी शहरानं पुन्हा पाहिली नाही. याच वेधशाळेत २८ मार्च १९५६ ला ४१.७ अंश इतकं कमाल तापमान नोंदलं गेलं होतं. म्हणजे मुंबईतले काही सर्वांत तप्त दिवस होळी-पाडव्याच्याच आसपासचे असतात.

याचं कारण वाऱ्यात आहे. थंडीच्या महिन्यांत मुंबईवर सकाळी जमिनीकडून वारा येतो आणि दुपारच्या सुमारास समुद्राकडचा वारा त्याला मागे सारतो. मार्चमध्ये जमीन तापलेली असते, पण पूर्वेकडून येणारा कोरडा वारा अजून जोरात असतो. ज्या दिवशी समुद्राचा वारा यायला उशीर करतो, त्या दिवशी पारा झपाट्यानं चढतो. गिरगाव-कुलाबा हा भाग अरुंद आणि समुद्राला चिकटलेला असल्यानं तिथे सहसा सांताक्रूझइतकी लाही होत नाही. परळ-लालबागला मात्र दुपारी पत्र्याखाली बसवत नाही.

म्हणजे म्हण मुंबईत बनलेली नाही. ती कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांबरोबर ट्रंकेतून आली.

'शिमगा' या शब्दातच उन्हाळा

कोकणी आणि मराठी माणूस होळीला शिमगा म्हणतो, गोव्यात शिगमो. व्युत्पत्तिकार हा शब्द संस्कृत 'सुग्रीष्मक' आणि त्याच्या प्राकृत रूपाशी जोडतात. सुग्रीष्मक म्हणजे चांगल्या उन्हाळ्याचा उत्सव. म्हणजे ज्याला आपण वसंताचा सण समजतो, त्याच्या नावात ग्रीष्म आहे. इथल्या ऋतूंचा स्वभाव पाहता हे नाव चपखल आहे, कारण थंडी आणि उन्हाळा यांच्यातली जागा इथे अगदीच चिंचोळी असते.

हा उत्सव जुना आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त फाल्गुनातल्या उत्सवाचा आणि त्यात एकमेकांवर उडवलेल्या चिखलाचा उल्लेख येतो. होलिका-प्रल्हादाची कथा सर्वांना ठाऊक असते. महाराष्ट्रात तिच्या जोडीला ढुंढा राक्षसीची कथाही सांगतात. ही राक्षसी लहान मुलांना पीडा द्यायची. गावानं आग पेटवली, मुलांनी आरडाओरडा केला, शिव्या दिल्या आणि ती पळाली. तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकण्याची प्रथा या कथेशी जोडली जाते.

या बोंबेनं भाषेला बरंच काही दिलं. कुणाच्या नावानं ओरड करणं म्हणजे 'शिमगा करणं'. प्रसंग संपला तरी त्याची चर्चा संपत नाही, तेव्हा 'शिमगा गेला, कवित्व राहिलं'. हे कवित्व म्हणजे शिमग्यात रचली जाणारी चावट, टिंगलीची गाणी. वर्षभर ज्यांच्यापुढे मान खाली घालायची, त्यांच्याबद्दल या दिवसांत काहीही बोलायची मुभा असे.

ही मुभा सगळ्यांना रुचत नव्हती. २०व्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईतल्या सुधारकांनी 'होलिका संमेलनं' भरवली. शिव्या आणि दारूऐवजी खेळ, व्याख्यानं आणि गाणी हा त्यांचा कार्यक्रम होता. आज सोसायट्यांच्या आवारात होळीला जे 'सांस्कृतिक कार्यक्रम' होतात, त्यांची मुळं काही प्रमाणात तिथे सापडतात. त्या बदल्यात सणातली बोचरी जीभ मात्र बोथट झाली.

गिरणगावचा शिमगा

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढच्या शतकभरात लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी हा पट्टा गिरणगाव झाला. तिथल्या कामगारांत मोठा वाटा होता तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांचा, ज्यात आजचं सिंधुदुर्गही तेव्हा मोडत असे. हे चाकरमानी वर्षातून दोनदा गावी जायला धडपडत, गणपतीला आणि शिमग्याला.

शिमग्याची ओढ का, हे कोकणातल्या प्रथेत दिसतं. इतर वेळी भक्त देवळात जातो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देऊळ सोडून घरोघर येते. दार बंद असलेल्या घरासमोरून पालखी पुढे जाणं कुणालाच नको असतं. रत्नागिरीकडे काही गावांत फाल्गुन शुद्ध त्रयोदशीचे 'तेरसे' शिमगे, तर काही ठिकाणी पौर्णिमेचे 'भद्रे'चे शिमगे होतात. नमन-खेळे, संकासूर, गोमू या सगळ्यांत पुरुषांची गरज लागते आणि पुरुष असत मुंबईत.

अशा वेळी 'आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास' या म्हणीला गिरणीत वेगळाच अर्थ येतो. मुळात कामाचा कंटाळा आणि त्यात सबब मिळाली, असा तिचा रूढ अर्थ. मिलच्या खात्यात फाल्गुनातल्या गैरहजेरीकडे पाहणारा जॉबर तो अर्थ सहज लावू शकत होता. दुसरी म्हण अधिक बोलकी आहे, 'असेल तेव्हा दिवाळी, नसेल तेव्हा शिमगा'. दिवाळीला बोनस असतो. शिमग्याला खिसा रिकामा असतो आणि बोंब मारायला पैसे लागत नाहीत. कामगाराच्या वर्षाचा सगळा ताळेबंद या एका म्हणीत येतो.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. अनेकांना गावी परतावं लागलं. पण गावागावांची मुंबईतली मंडळं टिकली. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन आणि शक्ती-तुऱ्याचे प्रयोग होत राहिले. सोशल सर्व्हिस लीगनं १९२२ मध्ये उभारलेलं हे नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा लोककलावंतांनी आवाज उठवला तो यासाठीच. गावातल्या शिमग्याचं मुंबईतलं एक घर त्यांच्या हातून जात होतं.

कोळीवाड्यांचा शिमगा आणखी निराळा. कोळी-आगरी समाजात होळीला 'हावलूबाय' म्हणतात, ती घरातली लेक-बाय समजून तिची पूजा होते. वरळी आणि माहीमचे कोळीवाडे हे या शहराचे गिरण्यांच्या कितीतरी आधीपासूनचे रहिवासी. त्यामुळे चाकरमान्याची होळी गावाकडून आली, तर हावलूबाय इथलीच.

रंग कधी खेळायचे?

जुन्या मराठी रिवाजात होळीचा दुसरा दिवस धुळवडीचा. त्या दिवशी राख आणि चिखल. काही घरांत होळीच्या निखाऱ्यांवर पाणी तापवून आंघोळ करतात, उन्हाळ्यात त्रास होऊ नये या समजुतीनं. रंग खेळायचे ते पाचव्या दिवशी, फाल्गुन वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला. पुणे-नाशिककडे आजही हा भेद बऱ्याच प्रमाणात टिकून आहे.

मुंबईत तो पुसला गेला. गिरगाव-भुलेश्वर भागात गुजराती आणि मारवाडी शेजार, परळ-दादरला उत्तर भारतीय शेजार. सार्वजनिक सुट्टीही धुळवडीची. त्यामुळे सगळे रंग त्याच दिवशी उधळले जातात आणि मुंबईकर मराठी माणूस धुळवडीलाच बिनदिक्कत 'रंगपंचमी' म्हणतो. पंचांगाच्या दृष्टीनं ही चूक आहे, पण पंचमीला तर ऑफिस असतं.

झाडांचा वसंत आणि होळीचं लाकूड

पंचांग बाजूला ठेवलं तर मुंबईत वसंत सर्वांत आधी झाडांवर दिसतो. काटेसावर, पळस आणि पांगारा जानेवारीअखेर ते मार्च या काळात फुलतात आणि फुलताना बहुतेक पानं गाळून टाकतात. म्हणून फुलांचा तो लालभडक रंग लांबून दिसतो. 'पळसाला पानं तीनच' ही म्हण सगळीकडे सारखाच अनुभव येतो या अर्थानं वापरतात. ती ज्यांनी बनवली त्यांनी झाड नीट पाहिलं होतं, कारण पळसाचं पान खरोखरच त्रिदल असतं. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीर जिजामाता उद्यानात, याच सुमारास उर्वशीची फुलं पाहायला वृक्षप्रेमी जातात. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण फुलतात. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल.

कोकीळही याच दिवसांत ओरडू लागतो. मराठीत आपण 'कोकिळा गाते' म्हणतो, पण चढत्या सुरातली ती साद नराची असते.

गंमत अशी की वसंताचं स्वागत ज्या आगीनं होतं, तिला लाकूड लागतं. कोकणात होळीसाठी सावर, आंबा, पोफळ किंवा सुरमाड वाजतगाजत आणतात. जंगल जवळ असलेल्या गावात एका झाडाचा हिशेब वेगळा, मुंबईत वेगळा. शहरात विनापरवानगी झाड तोडणं हा १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली गुन्हा आहे. त्यासाठी १ हजार ते ५ हजार रुपये दंड आणि एक आठवडा ते एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, असा इशारा महापालिका होळीच्या तोंडावर देते. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीनं 'होळी लहान, पोळी दान' अशी मोहीम चालवली. आगीत जाणारी पुरणपोळी गोळा करून गरजूंना द्यायची, ही कल्पना. चाळींतल्या अनेक होळ्या आता गोवऱ्या, एरंडाची एक फांदी, ऊस आणि नारळ यांवर भागतात.

लालबागचा वसंत: मिरचीचा खकाणा

फुलं न पाहता नुसत्या नाकानं वसंत ओळखायचा असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये लालबागच्या मसाला बाजारात जावं. वर्षभराच्या मसाल्याची बेगमी करायचे हे दिवस. मुंबई आणि उपनगरांतूनच नव्हे, तर ठाणे-विरारकडून बायका इथे येतात.

त्यामागचं गणित सरळ आहे. कर्नाटकातल्या ब्याडगीची आणि आंध्रातल्या गुंटूरची नवी मिरची वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बाजारात येते. मसाला टिकायचा तर मिरची कडकडीत वाळलेली हवी आणि असं ऊन मुंबईत मार्च ते मे याच काळात मिळतं. जूनमध्ये पाऊस आला की दमट हवेत मिरचीला बुरशी लागते. म्हणून पाडवा ते अक्षय्य तृतीया हा मसाल्याचा हंगाम.

रंगासाठी बेडगी किंवा काश्मिरी, तिखटासाठी लवंगी किंवा संकेश्वरी. त्यांचं प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं आणि बहुधा सासूकडून सुनेकडे आलेलं. सोबत धणे, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, बदामफूल, जायपत्री, हळकुंड. सगळं भाजून डंकावर कुटायला द्यायचं. डंकात वर-खाली होणारे मुसळ मसाला कुटतात. वेगानं फिरणाऱ्या यंत्रापेक्षा त्यात मसाला कमी तापतो, त्यामुळे वास टिकतो असं गिऱ्हाईक मानतं. आपला मसाला आपल्या डोळ्यांसमोर कुटून घ्यायचा, हा अलिखित नियम. घरी आल्यावर बरणीत दाबून भरायचा आणि वर हिंगाचे खडे ठेवायचे.

याच उन्हात पापड, कुरडया, सांडगे, फेण्या यांची वाळवणं पडतात. चाळीची गच्ची ही खरं तर या कामाची कार्यशाळा. लाटायला शेजारणी, कावळे हाकलायला सुट्टीत मोकळी झालेली पोरं आणि मजुरी म्हणून पापडाच्या लाट्या. सण म्हणून याची नोंद कुठल्याच पंचांगात नाही, पण बायकांच्या श्रमांवर चालणारा हा वसंतोत्सवच होता.

गिरगावचा पाडवा

साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेला गुढीपाडवा म्हणजे शालिवाहन शकाचा पहिला दिवस. २०२६ च्या पाडव्याला शके १९४८ सुरू होतं. वेळूच्या काठीला रेशमी वस्त्र, कडुनिंबाचा आणि आंब्याचा डहाळा, फुलांचा हार, साखरेच्या गाठी आणि वर पालथा गडू, अशी गुढी. या सगळ्या सामानासाठी आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात आणि रानडे रोडवर पाय ठेवायला जागा नसते.

कडुनिंबाची कोवळी पालवी, गूळ, ओवा, चिंच, मीठ, हिंग यांची चटणी त्या दिवशी पहिल्यांदा खायची. वर्षाची सुरुवात कडू-गोड मिळून करायची, असा त्याचा अर्थ घरोघर सांगितला जातो. कडुनिंब नेमका याच दिवसांत पालवतो, ही त्यामागची साधी गोष्ट.

गुढीची प्रथा छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येनंतर सुरू झाली, असा दावा समाजमाध्यमांवर दर वर्षी फिरतो. महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ ला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी झाली, हे खरं आहे. पण 'गुढी उभारणे' हा शब्दप्रयोग त्याच्या चारशे वर्षं आधीच्या 'ज्ञानेश्वरी'त आनंदाच्या, विजयाच्या अर्थानं येतो.

आज टीव्हीवर दिसणारा गिरगावचा पाडवा मात्र अलीकडचा आहे. नववर्ष स्वागतयात्रांची सुरुवात १९९९ मध्ये डोंबिवलीत झाली आणि तिथून ती गिरगावात आली. फडके गणपती मंदिरापासून निघणारी यात्रा, ढोल-ताशे, नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या तरुणी हे आता मुंबईच्या पाडव्याचं चित्र झालं आहे. त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कात मनसेचा पाडवा मेळावा असतो. घराच्या खिडकीत उभी राहणारी गुढी रस्त्यावर आली आणि तिला अस्मितेचा, राजकारणाचा अर्थ चिकटला. गिरगावातून मराठी माणूस उपनगरात निघून जात असताना हे घडावं, हा योगायोग नाही. ज्या वाड्या रिकाम्या होत आहेत, तिथे पाडव्याच्या सकाळी विरार-डोंबिवलीला गेलेली कुटुंबं नटूनथटून परत येतात.

चैत्रगौर: आंब्याची डाळ आणि न बोलावलेल्या बायका

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर गौर माहेरी येते, अशी समजूत. देवघरातली अन्नपूर्णा झोपाळ्यात बसते, दारात चैत्रांगणाची रांगोळी येते आणि एखाद्या दिवशी हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फोड. रब्बीतला नवा हरभरा आणि झाडावरची पहिली कैरी यांची ही भेट. गुलाबपाणी शिंपडायचं, वाळ्याचं पाणी द्यायचं. उन्हातून आलेल्या माणसाला गार करणं हाच इथे पाहुणचार.

पण या पाहुणचाराला एक कुंपण होतं. हळदीकुंकू सवाष्णींचं. एकाच मजल्यावरच्या, रोज एकमेकींच्या हातचं खाणाऱ्या बायकांपैकी विधवा त्या संध्याकाळी आपलं दार लोटून घेत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. मुंबईतही काही महिला मंडळं सर्व स्त्रियांना बोलावून हळदीकुंकू करू लागली आहेत. प्रथा टिकवायची म्हणजे तिच्यातलं काय टिकवायचं, हा प्रश्न इथे सर्वांत थेट उभा राहतो. पन्हं सगळ्यांना देता येतं.

दादरला चैत्र-वैशाखाची आणखी एक ओळख आहे, वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात १८७५ मध्ये ही परंपरा सुरू झाली. दादरच्या अमर हिंद मंडळासारख्या संस्थांनी ती मुंबईत रुजवली. संध्याकाळच्या वाऱ्यात भाषण ऐकणं हा मध्यमवर्गाचा वसंतोत्सव ठरला.

शेजाऱ्यांचा वसंत

याच काही किलोमीटरच्या पट्ट्यात वसंत इतर नावांनीही येतो. दादर पारशी कॉलनीत २१ मार्चला जमशेदी नवरोज, तो थेट विषुवदिनाशी बांधलेला. गिरगावच्या खोताच्या वाडीतल्या ईस्ट इंडियन आणि गोवन घरांत ईस्टर, जो विषुवदिनानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. म्हणजे होळी आणि ईस्टर दोन्ही चंद्र पाहूनच ठरतात. १४ एप्रिलला नायगाव, वरळी, परळच्या बीडीडी चाळी निळ्या पताकांनी भरतात. त्या वस्त्यांत चैत्रातला सर्वांत मोठा सण म्हणजे भीमजयंती.

चाळ पडल्यावर वसंत कुठे उतरणार?

१९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची. त्या जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत आणि वरळीत ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. चार पिढ्या एका खोलीत राहिलेल्या, सार्वजनिक नळावर रांग लावलेल्या माणसांना स्वतःचं न्हाणीघर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. चाळीच्या आठवणींत रमणारे बहुतेक जण चाळीतून बाहेर पडलेले असतात, हेही खरं.

तरी काही व्यावहारिक अडचणी आहेतच. होळीसाठी जमिनीत खड्डा लागतो आणि टॉवरच्या पोडियमखाली पार्किंग असतं. चाळीसाव्या मजल्यावरच्या सरकत्या काचेच्या खिडकीतून काठी बाहेर काढता येत नाही. गच्ची सामाईक असली तरी तिची किल्ली सिक्युरिटीकडे असते. मिरची भाजल्यावर मजलाभर ठसका बसतो आणि आता शेजारी ओळखीचा असेलच असं नाही.

यातल्या काही प्रश्नांना उत्तरं मिळालीही आहेत. बाजारात वीतभर उंचीच्या तयार गुढ्या मिळतात, त्या देव्हाऱ्याशेजारी मावतात. मिरची भाजण्याचं कामही दुकानदार करून देतात. लोखंडी घमेल्यात, विटांवर पेटवलेली होळी सिमेंटच्या आवारात जमते. जे सहज बदलता येत नाही ते वेगळं आहे. पालखीला दार उघडणारं माणूस, पापड लाटायला आलेली शेजारीण, बोंब मारणाऱ्या पोरांकडे कानाडोळा करणारा म्हातारा, ही माणसं कुठल्याही दुकानात तयार मिळत नाहीत.

लोकप्रथा म्हणून ज्याला आपण नाव देतो, ते बहुतेकदा हंगामी काम असतं आणि ते एकट्यानं होत नाही म्हणून सगळे एकत्र येतात. म्हणी त्या कामाच्या खुणा. नव्या इमारतीत पुढच्या मार्चमध्ये कुणी शेजारच्या दारावर टकटक करून विचारलं, 'तुमची मिरची कुटायची आहे का, मी लालबागला चालले आहे', तर वसंत त्याही मजल्यावर पोचला असं समजायला हरकत नाही.